आजी-आजोबा नातवंडं सांभाळतायत : महिन्याच्या खर्चाला कुठून काय मिळू शकतं?

पाणंद

माण तालुक्यातल्या माझ्या मावशीसाठी हा धागा काढते आहे. पण गावोगाव अशी घरं आहेत, त्यामुळे उत्तरं इतरांच्याही उपयोगी पडतील.

मावशी ६३ वर्षांची, काका ७१. एकुलता एक मुलगा पुण्याजवळ एका कारखान्यात कामाला होता. तो हृदयविकाराने गेला. सून वर्षभर राहिली, मग माहेरी गेली आणि पुढे तिच्या घरच्यांनी तिचं दुसरं लग्न लावून दिलं. नातू बारा वर्षांचा, सातवीत. नात सात वर्षांची, तिला दम्याचा त्रास आहे. दोघंही मावशीकडे असतात. जमीन थोडी आणि कोरडवाहू. काकांना श्रावणबाळ योजनेचे १,५०० मिळतात, मावशीला लाडकी बहीणचे १,५००. ती रक्कम पासष्टीला थांबेल आणि मग तिलाही श्रावणबाळसाठी नव्याने अर्ज करावा लागेल. एवढ्यात किराणा, नातीचा पंप, वह्या, एसटी, सगळं.

गावात मावशीचं फार कौतुक होतं. "या वयात दोन लेकरं सांभाळतीय, पुण्य लागंल." मला ते ऐकवत नाही आता. कौतुकाने दुकानदाराची उधारी फिटत नाही. ही दोन मुलं सरकारी वसतिगृहात असती तर सरकारने त्यांच्यावर खर्च केलाच असता. आजी सांभाळते म्हणून सगळा भार तिच्या पदरात टाकून सगळे मोकळे, हे मला पटत नाही.

तलाठी कार्यालयात चौकशी केली. संजय गांधी निराधार योजनेत १८ वर्षांखालील अनाथ मुलं बसतात, पण आई हयात असल्यामुळे आमची बसणार नाहीत असं कळलं. त्यापुढे काय, ते कुणी नीट सांगत नाही. ज्यांनी स्वतः कागद फिरवलेत त्यांनी कृपया लिहा.

---

गृहभेट

पाणंदताई, मी मराठवाड्यात एका संस्थेत काम करते. आमचं कामच बालसंगोपनाच्या गृहभेटी करण्याचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्हाला हवी आहे ती योजना म्हणजे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. महिला व बालविकास विभागाची आहे, तलाठी किंवा तहसीलदाराची नाही, म्हणून तिथे कुणी सांगितलं नसेल. पूर्वी या योजनेत महिन्याला ४२५ रुपये मिळायचे, मग १,१०० झाले आणि २०२३ पासून दर मुलामागे २,२५० रुपये आहेत. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत.

यात फक्त आई-वडील दोघंही वारलेली मुलं बसतात, हा गैरसमज आहे. एक पालक गेलेला, आई-वडिलांचा घटस्फोट झालेला, कुणी सोडून गेलेलं, पालक तुरुंगात किंवा गंभीर आजाराने अंथरुणाला खिळलेले, अशी मुलंही पात्र ठरतात. तुमच्या मावशीच्या नातवंडांचे वडील नाहीत आणि आई सांभाळत नाही. असं मूल आजी-आजोबांकडे ठेवून मदत द्यायची की नाही, हे जिल्ह्याची बाल कल्याण समिती ठरवते. बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली नेमलेली समिती आहे ही, एक अध्यक्ष आणि चार सदस्यांची. मुलं आणि सांभाळणारे तिच्यासमोर हजर राहतात, त्यांची विचारपूस होते, घरी चौकशी होते, मग आदेश निघतो.

हा आदेश नीट जपून ठेवा. मूल आजीकडे राहतं हे सांगणारा पहिला सरकारी कागद बहुतेक घरांत तोच असतो.

कागद साधारण हे लागतात: वडिलांचा मृत्यू दाखला, मुलांचे जन्मदाखले, मुलांचं आणि आजी-आजोबांचं आधार, रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक, आणि मुलं व सांभाळणारे घरासमोर उभे असलेला एकत्र फोटो. सगळ्यात जास्त घोळ रेशनकार्डात होतो. मुलांची नावं अजून आई-वडिलांच्या जुन्या कार्डावर असतील तर ती आधी कमी करून आजीच्या कार्डावर चढवून घ्या. त्यात महिना-दीड महिना सहज जातो, म्हणून हे काम पहिलं.

दुसरा मार्ग केंद्राच्या मिशन वात्सल्यमधल्या प्रायोजकत्वाचा. त्यात महिन्याला ४,००० रुपये आहेत, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांच्या आत हवं. तिथे जागा कमी आणि मागणी जास्त असते. एकाच मुलासाठी दोन्हीकडचे पैसे मिळत नाहीत. जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन दोन्हींची चौकशी करा आणि जे आधी मंजूर होईल ते घ्या.

अर्ज मोफत आहे. "मी करून देतो, एवढे द्या" म्हणणारे भेटतील, त्यांना एक रुपयाही देऊ नका. आणि एक खरं सांगते, पैसे दर महिन्याला नेमाने पडतील असं धरून चालू नका. मध्ये रखडतात, मग तीन-चार महिन्यांचे एकदम येतात. मावशींनी या पैशावर उधारी वाढवू नये.

---

हिशेबनीस

माझी सगळी नोकरी कारखान्याच्या पगार-हजेरी विभागात झाली. पाणंद, सगळ्यात आधी एक विचारतो. तुमच्या मावसभावाचा पीएफ कापला जात होता का? पगाराची जुनी पावती काढून बघा.

कापला जात असेल तर मुलांचं पेन्शन हा सरकारी मदतीचा प्रश्नच नाही, ते त्याच्या कमाईतून उभं राहिलेलं आहे. कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ प्रमाणे नोकरीत असताना सभासद वारला तर विधवेला पेन्शन मिळतं आणि सोबत दोन मुलांपर्यंत प्रत्येकाला विधवेच्या पेन्शनच्या २५ टक्के, २५ वर्षं वयापर्यंत. किमान २५० रुपये. हे पुष्कळांना माहीत असतं.

माहीत नसतं ते पुढचं. विधवेने पुनर्विवाह केला की तिचं पेन्शन बंद होतं आणि मुलांना अनाथ मुलांच्या दराने पेन्शन सुरू होतं. तो दर विधवेच्या पेन्शनच्या ७५ टक्के आहे, किमान ७५० रुपये प्रत्येकी. दोघांचे मिळून निदान दीड हजार झाले. अर्ज नमुना १०-डी मध्ये. मूळ पेन्शनचा हक्क मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून असतो, त्यामुळे आजवर कुणीच अर्ज केला नसेल तर मागची थकबाकीही मागायची.

त्याच खात्याशी जोडलेला विमाही असतो, ईडीएलआय. नोकरीत असताना मृत्यू झाला तर जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत. नामनिर्देशन कुणाचं होतं ते बघा, कदाचित सुनेने दावा केलाही असेल. शिवाय मुलाच्या बँक पासबुकात वर्षातून एकदा ४३६ किंवा २० रुपये कापलेले दिसतात का ते बघा. ४३६ म्हणजे जीवनज्योती विमा, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर २ लाख. २० रुपयांचा फक्त अपघातासाठी, तो इथे लागू होणार नाही. पैसे कापले गेलेत आणि घरात कुणाला पत्ताच नाही, अशी कितीतरी पासबुकं मी पाहिली आहेत.

---

बांधावरचा

हे सगळं ठीक आहे, पण आई जिवंत असताना सरकारने का द्यायचं? तिने दुसरा संसार थाटला आणि लेकरं म्हाताऱ्यांच्या गळ्यात टाकली. आधी तिच्याकडून वसूल करा.

---

पाणंद

बांधावरचा, तिला दोष देऊ नका. अठ्ठाविसाव्या वर्षी नवरा गेला. मुलं बरोबर न्यायची नाहीत ही तिकडच्या लोकांची अट होती, तिची नव्हे. ती दर आठवड्याला मुलांना फोन करते. तिच्या हातात स्वतःची कमाई नाही. तिच्यावर राग काढून माझ्या मावशीच्या घरात एक पैसाही येणार नाही, उलट कागदावर तिची सही लागेल तेव्हा ती दारातून परत पाठवेल. आम्हाला तिच्याशी गोडीनेच राहायचं आहे. मुलांसाठीसुद्धा तेच बरं.

हिशेबनीसकाका, पीएफ कापला जायचा! जुन्या पावत्या मावशीने पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या. सुनेला विचारलं तर म्हणाली, कंपनीतून एकदा काही रक्कम मिळाली, पेन्शनचं तिने कधी काही केलं नाही.

---

हिशेबनीस

मग वेळ घालवू नका. मृत्यू दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि सुनेच्या पुनर्विवाहाचा पुरावा घेऊन त्या कारखान्याच्या कार्यालयात जा. १०-डी वर कंपनीची सही लागते. कंपनीने टाळाटाळ केली तर भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी काहीही बोलून येऊ नका.

---

न्यायालयाची पायरी

वकिली करते. वर जे आलं त्याला कायद्याची बाजू जोडते, कारण पेन्शन असो की बँक, गाडी शेवटी "पालक कोण?" याच प्रश्नाशी अडते.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ प्रमाणे नैसर्गिक पालक वडील, त्यांच्यानंतर आई. आजी-आजोबा त्यात नाहीत, मुलाला जन्मापासून त्यांनीच वाढवलं असलं तरी. आणि आईने पुनर्विवाह केला म्हणून तिचं पालकत्व आपोआप जात नाही. म्हणून पाणंद म्हणतात तसं आईशी संबंध चांगले ठेवणं हे कायद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचं आहे. तिचं प्रतिज्ञापत्र करून घ्या: मुलं आजी-आजोबांकडे राहतात, त्यांच्या नावे येणारी रक्कम आजी-आजोबांनी मुलांसाठी खर्च करण्यास माझी हरकत नाही. बऱ्याच ठिकाणी एवढ्यावर काम होतं.

जिथे होत नाही तिथे पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली जिल्हा न्यायालयात पालक म्हणून नेमणुकीचा अर्ज करावा लागतो. आईची संमती असेल तर प्रकरण फार लांबत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणून अर्ज मावशींच्या नावाने करा.

शेतीचंही सांगते. मुलाच्या नावावर एखादा गट असेल तर वारस नोंद करून घ्या. सातबाऱ्यावर नातवंडांची नावं अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता अशा शेऱ्यासह लागतात. मुलांचा हिस्सा पुढे न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि ते चांगलंच आहे. औषधपाण्यासाठी तो हिस्सा विकायचा सल्ला देणारे भाऊबंद भेटतात, त्यांचं ऐकू नका.

ज्यांचा मुलगा किंवा जावई हयात आहे, कमावतो आहे आणि मुलांना टाकून गेला आहे, त्यांच्यासाठी: मुलांच्या वतीने पोटगी मागता येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४.

---

मधली सुट्टी

माझी आई माझ्या भाचीला सांभाळते. तिने भाचीच्या नावाने सुकन्या समृद्धीचं खातं काढलं होतं. आता पोस्टात सांगतात की पालक बदलून घ्या. हे खरं आहे का?

---

न्यायालयाची पायरी

खरं आहे. ऑक्टोबर २०२४ पासून तसा नियम लागू झाला. आजी-आजोबांनी उघडलेल्या सुकन्या खात्याचं पालकत्व आई-वडिलांकडे किंवा कायदेशीर पालकाकडे वर्ग करावं लागतं. पैसे बुडत नाहीत, खातं मुलीचंच राहतं. पण तुमच्या आईच न्यायालयाने नेमलेल्या पालक असतील तर त्याच राहतील.

---

सुपारीची बाग

मी रत्नागिरी जिल्ह्यातला, वय ७४. नात आमच्याकडे वाढते आहे. तिचे आई-वडील मुंबईत आहेत, त्यांची नोकरी सुटली तेव्हापासून पैसे येणे जवळपास थांबले. वरचा सगळा धागा वाचला. माहिती उत्तम. तरीही एक शंका मनातून जात नाही. आपल्याच नातवंडांना जेवू घालण्यासाठी समितीपुढे उभे राहायचे, घरासमोर फोटो काढायचे, आमची परिस्थिती नाही असे लिहून द्यायचे. आमच्या पिढीला हे जड जाते. माझ्या पत्नीने तर सांगितले, एक वेळ जेवीन पण अर्ज करणार नाही.

---

गृहभेट

काका, तुमचं म्हणणं मी दर गृहभेटीत ऐकते आणि मला त्याबद्दल आदर आहे. पण आदेश मुलाच्या नावाने निघतो, रक्कम मुलाच्या नावाने येते. तुम्ही मागत नाही, मुलाचं आहे ते त्याच्यापर्यंत पोचवता. आणि काकू एक वेळ जेवल्या तर नात ते बघत असते. मी अशी मुलं पाहिली आहेत जी आजीच्या ताटात भाकरी कमी दिसली की स्वतः अर्धी टाकून उठतात, भूक नाही म्हणतात. आठ-नऊ वर्षांची मुलं.

तुमच्या नातीचे आई-वडील दोघं हयात आणि एकत्र आहेत, त्यामुळे बालसंगोपनात बसवणं कठीण जाईल, हे स्पष्टच सांगते. शाळेच्या बाजूने प्रयत्न करा. ती कितवीत आहे?

---

सुपारीची बाग

सातवी. हुशार आहे. आपण म्हणालात ते पत्नीला वाचून दाखवले. ती काही बोलली नाही, पण रेशनकार्ड काढून ठेवले आहे.

---

मधली सुट्टी

काका, मी शिक्षिका आहे. पुढच्या वर्षी आठवीत गेली की एनएमएमएसच्या परीक्षेला बसवा. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती. परीक्षा आठवीत होते, निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये. शाळा सरकारी, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित हवी, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, आणि खुल्या प्रवर्गाला सातवीत ५५ टक्के. पाणंद, तुमचा भाचाही सातवीतच आहे, त्यालाही हेच लागू. दोघांनी आत्तापासून बुद्धिमत्ता चाचणीचा सराव सुरू करायला हवा. मुलांना घाबरवू नका, पण ही परीक्षा मनावर घ्या. चार वर्षांत ४८,००० होतात.

लहान भावंडं असतील तर आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखीव असलेल्या २५ टक्के जागांमध्ये अनाथ मुलं वंचित गटात येतात, तिथे उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

---

वडवणीकर

आमच्या बीड जिल्ह्यातलं सांगतो. दिवाळी झाली की मायबाप ऊसतोडीला जातेत, लेकरं आज्याजवळ. पाच-सहा महिने गाव म्हंजी म्हातारे आन् लेकरं. मायबाप जिते असल्यामुळं ह्या कुठल्याच योजनेत ही लेकरं बसत नाहीत. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल आधीच संपलेली असती, मागं ठेवायला पैसा उरत नाही. आजी रोजानं खुरपायला जाती आन् लेकरायला खाऊ घालती. थोरली पोर शाळा सोडून धाकल्याला बघती.

गावाच्या शाळेत हंगामी वसतिगृह मंजूर झालं तर दोन वेळचं जेवण मिळतं आन् आजीचा भार निम्मा होतो. पण त्यासाठी हंगाम सुरू व्हायच्या आधी यादी गेली पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत जो कोणी असंल त्यानं ऑगस्ट-सप्टेंबरातच मास्तरच्या मागं लागावं. संत भगवानबाबांच्या नावानं तालुक्याला मुला-मुलींची वसतिगृहं करायचं सरकारनं २०२१ ला ठरवलं, ती जिथं चालू आहेत तिथं मोठ्या लेकरायला घालावं. पण धाकली लेकरं आजीलाच धरून राहतेत. त्या आजीच्या हातात हंगामापुरते का होईना, पैसे पडले पाहिजेत. माझी तर हीच मागणी आहे. ह्याच्यावर कुणी बोलत नाही.

---

गृहभेट

वडवणीकरभाऊ, शंभर टक्के अनुमोदन. स्थलांतराच्या काळात सांभाळणाऱ्या आजीसाठी वेगळी तरतूद हवी, हे आम्हीही बैठकांमधून मांडतो आहोत. ग्रामपंचायतीतल्या ग्राम बाल संरक्षण समितीने अशा घरांची यादी ठरावासकट वर पाठवली तर आकडा तरी कागदावर येईल. तुमच्या गावात ती समिती आहे का बघा, नसेल तर ग्रामसभेत विषय घ्या.

---

दुसरी पायरी

बरेच दिवस नुसती वाचत होते. मला आजीनेच वाढवलं, आई-वडील दोघंही लहानपणी गेले. आज नोकरीत आहे. पाणंद, तुमच्या प्रश्नापलीकडचं एक लिहायचं आहे.

मी अकरावीत असताना आजी गेली. तोवर माझ्या शाळेच्या, बँकेच्या, सगळ्या कागदांवर सही तिची होती. ती गेल्यावर कित्येक महिने मी कुणाच्या सहीने काय करायचं तेच कळत नव्हतं. मामा चांगला होता, पण कुठल्याच कागदावर त्याचं नाव नव्हतं. म्हणून आजी-आजोबा धडधाकट असतानाच पुढच्या माणसाचं नाव बाल कल्याण समितीला सांगून ठेवा आणि शाळेच्या फॉर्मवर दुसरा संपर्क म्हणून घाला. हा विषय घरात काढायला जीव होत नाही, पण काढा.

ज्या मुलांचे दोन्ही पालक गेलेत त्यांच्यासाठी अजून एक. अनाथ प्रमाणपत्र महिला व बालविकास विभागाकडून मिळतं. राज्यात अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे, २०१८ पासून. पुष्कळांना वाटतं ते फक्त अनाथाश्रमातल्या मुलांना. तसं नाही, नातेवाइकांकडे वाढलेल्या मुलांचाही त्यात समावेश झालेला आहे. अर्ज लहानपणीच करून टाका, मोठेपणी मृत्यू दाखले शोधत फिरणं फार वाईट.

---

पाणंद

दुसरी पायरी, तुमचं वाचून मावशीशी बोलले. पुढचं नाव माझं द्यायचं ठरलं आहे.

थोडं कळवते. सून नोटरीकडे स्वतः आली, प्रतिज्ञापत्र झालं. मुलांना भेटून गेली. रेशनकार्डावर नावं चढली. समितीसमोर हजेरी झाली, मुलांना फार आपुलकीने विचारलं, गृहभेटही झाली, आता आदेशाची वाट बघतो आहोत. पीएफचा १०-डी कंपनीने सही करून दिला, तो दाखल केला आणि पोच घेतली.

काकांनी एक ठरवलं आहे: बालसंगोपनाचे पैसे सुरू झाले की आधी नातीचं औषध, मग दुकानाची उधारी, आणि पेन्शनला हात लावायचा नाही, ते पोराच्या पुढच्या शिक्षणाला. मावशी म्हणते, पेन्शनमधून आधी पोराला सायकल. त्यावर दोघांचं अजून एकमत नाही.

एक अडचण मात्र आहे. नात दहा वर्षांखालची आहे. बँकेत तिचं खातं आजीला पालक दाखवून उघडायला तयार नाहीत, आईला घेऊन या म्हणतात. आईला परत परत बोलावणं तिच्या सासरी अवघड जातं. काय करावं?

---

काउंटर चार

बँकेत आहे म्हणून सांगतो. दहा वर्षांवरचं मूल स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू शकतं, त्यामुळे नातवाचं काम सोपं आहे, त्याला घेऊन जा. दहाच्या आतल्या मुलाला नैसर्गिक किंवा कायदेशीर पालक लागतो, शाखेतला माणूस नियमाबाहेरचं बोलत नाहीये. आईला एकदाच आणून खातं तिच्या पालकत्वाखाली उघडून घेता येतं, पण मग पैसे काढायला प्रत्येक वेळी तिचीच सही लागेल. त्यापेक्षा समितीचा आदेश हातात आला की त्याची प्रत आणि आईचं प्रतिज्ञापत्र जोडून शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, आजीला पालक म्हणून नोंदवण्याची विनंती करा. नाकारलं तर नकार लेखी मागा. तो कागद न्यायालयात पालक नेमणुकीच्या अर्जाला जोडता येईल.

आणि खातं उघडलं की त्याच दिवशी आधार जोडणी करून घ्या. थेट लाभाचे पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात, ते राहिलं तर मंजुरी होऊनही रक्कम अडकून पडते.